निघालेले काम

मराठीत काही क्रियापदे अशी आहेत, की त्यांच्या आडोशाला कर्ता सहज उभा राहू शकतो. 'निघणे' हे त्यांतले एक. मोटारसायकल दुरुस्तीच्या कोणत्याही गॅरेजात संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे, म्हणजे 'खोलल्यावर काम निघालं' हे वाक्य दोनचार वेळा तरी कानी पडते. विहिरीला पाणी निघावे, नांगराच्या फाळाला लागून एखादे जुने नाणे निघावे, तसे हे काम निघते. ते कोणी ठरवले, कोणाला विचारून केले, न केले असते तर काय बिघडले असते, यांपैकी कशाचाही पत्ता त्या वाक्यात नसतो. वाक्य खोटे नसते. केवळ निनावी असते. गंमत अशी, की तेच गिऱ्हाईक घरी पोचल्यावर हीच हकीकत सांगताना क्रियापद बदलते. 'गेलो होतो साध्या कामाला, त्यानं तीन हजारांचं काम काढलं', असे ते म्हणते. अकर्मकाचे सकर्मक होते, कर्ता पडद्याबाहेर ओढला जातो आणि थेट आरोपीच्या जागी उभा राहतो. गॅरेजवाल्याचे 'निघालं' आणि गिऱ्हाइकाचे 'काढलं' यांमधल्या अंतरात व्यवहारनीतीचा एक जुना आणि बऱ्यापैकी अवघड प्रश्न दडलेला आहे.

हा प्रश्न ब्रेकच्या बाबतीत सर्वांत टोकदार होतो. सीट फाटली असेल, टाकीला पोचा आला असेल, तर ते काम पुढच्या पगारावर ढकलता येते. गॅरेजवाल्याने जास्त सांगितले असे वाटले, तर 'राहू दे' म्हणून उठता येते. ब्रेकचे काम म्हटले, की हे स्वातंत्र्य संपते. तिथे घासाघीस करणारा माणूस स्वतःच्याच जिवाची किंमत पाडून मागत आहे, असे दृश्य उभे राहते, आणि ते त्याला स्वतःलाच बघवत नाही.

एक प्रकरण समोर ठेवतो. पुण्यातील माझ्या परिचयाचे एक गृहस्थ शाळेत शिक्षक आहेत. त्यांची दीडशे सीसीची, सात वर्षे वापरलेली मोटारसायकल पुढचा ब्रेक दाबताना खरखर करू लागली. घराजवळच्या गॅरेजात त्यांनी ती सकाळी लावली. गॅरेजवाल्याने चाक फिरवून, लिव्हर दाबून पाहिला आणि 'पॅड गेलेत, पाचशेपर्यंत होईल, संध्याकाळी घेऊन जा', असे सांगितले. संध्याकाळी हिशेब झाला तो असा : पॅड ३५०, डिस्क १,४५०, कॅलिपरचा पिस्टन आणि सील ४८०, मास्टर सिलिंडरचे किट ४२०, तेल १२०, मजुरी ६००. एकूण ३,४२० रुपये. त्यानंतर झालेला संवाद त्यांनी मला जवळजवळ शब्दशः ऐकवला.

'पाचशे म्हणाला होतात ना?'

'ते पॅडचे, सर. खोलल्यावर काम निघालं.'

'मग एक फोन करायचा होता.'

'केला असता, सर. पण तुम्ही काय म्हणाला असता? ब्रेकचं काम नको म्हणाला असता?'

या प्रश्नाला शिक्षकांजवळ उत्तर नव्हते. त्यांनी पैसे दिले, गाडी घेतली. ब्रेक उत्तम लागत होता. तरी पुढचे कितीतरी दिवस ती गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. आपली तक्रार पैशांची नाही, असे ते पुनःपुन्हा म्हणत. मला ते पूर्णपणे पटले नाही. महिनाअखेरीस अचानक गेलेले जवळजवळ तीन हजार ही मध्यमवर्गीय घरात लहान गोष्ट नव्हे. पण ती केवळ पैशांची नाही, एवढे मात्र खरे होते.

गॅरेजवाल्याने फसवले का? यंत्राच्या बाजूने पाहिले, तर त्याचे म्हणणे अगदी संभवनीय आहे. लिव्हर दाबला, की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब पडतो. पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेल्या नियमानुसार तो दाब नळीवाटे कॅलिपरपर्यंत जसाच्या तसा पोचतो, पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला चिमटीत धरतात. या तेलाचा एक स्वभावदोष असा, की ते हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते. 'डॉट ४' या प्रतीच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यानंतर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. वरंध किंवा आंबा घाट उतरताना सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता तेलापर्यंत पोचली आणि ते उकळले, तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. आणि लिव्हर काहीही न करता मुठीला येऊन टेकतो. सपाट रस्त्यावर हाच ओलावा दुसरे काम करतो. त्याने पिस्टनला गंज चढतो, पिस्टन अडकतो, पॅड पूर्ण मागे सरत नाही, अकाली झिजतो, आणि शेवटी त्याची लोखंडी पाठ डिस्कवर घासू लागते. हीच ती खरखर. म्हणजे आवाज एक, पण त्याच्यामागे एकाला एक लागून तीनचार कारणे उभी. सकाळी गॅरेजवाल्याला आवाज ऐकू आला होता. गंज दुपारी दिसला. त्याच्या दोन्ही वेळच्या बोलण्यात विसंगती नाही.

परंतु संभवनीय म्हणजे खरे नव्हे. डिस्क आणखी वर्षभर चालली असती का? बहुतेक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. अनेक हलक्या मोटारसायकलींच्या नव्या डिस्कची जाडी चार मिलिमीटरच्या आसपास असते आणि साडेतीनच्या आसपास ती बाद समजली जाते. सारा वाद अर्ध्या मिलिमीटरचा. तो मोजायला व्हर्नियर लागतो. गॅरेजवाल्याने नखाने चर चाचपून पाहिला, आणि वीस वर्षांच्या सरावाने त्याचे नख बरोबरही असेल. शिक्षकांच्या हाती उरले ते एवढेच : काम झाल्यावर ब्रेक चांगला लागतो. तो डिस्क न बदलताही लागला असता की नाही, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नेमक्या या परिस्थितीला नाव दिले. काही गुण विकत घेण्यापूर्वी पारखता येतात, काही वापरल्यावर कळतात. आणि काही असे, की वापरल्यानंतरही त्यांची पारख सामान्य माणसाला होत नाही, तिथे केवळ सांगणाऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. आंबा खाल्ल्यावर गोड की आंबट ते कळते. काढलेले अपेंडिक्स काढायला हवे होते का, ते रुग्णाला कधीच कळत नाही. ब्रेकची दुरुस्ती या तिसऱ्या जातीची. निदान करणारा आणि त्या निदानावर पैसे मिळवणारा माणूस इथे एकच असतो. अशा बाजारात प्रामाणिक कारागिराचीही एक वेगळीच कोंडी होते : आपण खरे बोललो, हे त्याला सिद्ध करता येत नाही. म्हणून आपल्याकडे चांगले मिस्त्री काढलेला जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हाती देतात. शिक्षकांनाही चरे पडलेली डिस्क दाखवण्यात आली होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. काय पाहायचे हे ठाऊक नसलेल्या माणसाला पुरावा दाखवणे हा एक विधी होतो. तथापि तो विधी अगदीच निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. दाखवणाऱ्याला तो बांधून घालतो.

इमॅन्युएल कांटने १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाकडूनही जादा पैसे घेत नाही. लहान मूल आले तरी भाव तोच. कांटला प्रश्न पडतो तो असा, की तो हे प्रामाणिकपणासाठी करतो की धंद्याच्या हितासाठी. प्रश्न मार्मिक आहे, पण गॅरेजच्या दारात तो जरा घाईचा ठरतो. दुकानदाराजवळ निदान एक ठरलेली वस्तू आणि तिचा एक ठरलेला भाव होता. गॅरेजात काय विकले जाणार आहे तेच मुळी अर्धे काम झाल्याखेरीज ठरत नाही. हेतू शुद्ध असो वा नसो, त्याआधी दुसराच प्रश्न उभा राहतो : ठरवायचे कोणी?

इथे त्या गॅरेजवाल्याच्या प्रतिप्रश्नाकडे परत गेले पाहिजे, कारण तो साधा दिसला तरी फार बळकट आहे. 'तुम्ही काय म्हणाला असता?' ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे तो प्रश्न विचारण्यात काय अर्थ, असे त्याचे म्हणणे. तो स्वतःला गिऱ्हाइकाच्या जागी ठेवून, त्याच्या वतीने, त्याच्या हिताचे उत्तर देऊन मोकळा झाला. कुटुंबातील वडीलधारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आली, आणि त्यांतली बरीचशी आपल्या हिताचीच होती. मग शिक्षकांना ते का खुपावे?

मला वाटते, उत्तर ठाऊक असणे आणि उत्तर देण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टींची इथे गल्लत झाली आहे. लग्नाच्या पंगतीत 'आणखी वाढू का' असे विचारणाऱ्याला पुष्कळदा उत्तर ठाऊक असते. तरीही न विचारता पानात ओतणारा उद्धट वाटतो. शिवाय उत्तर खरोखरच ठाऊक होते का? शिक्षक कदाचित म्हणाले असते, 'आत्ता खोललेलं तसंच ठेवा, पगार झाल्यावर करू, तोवर मी बसनं जातो.' ब्रेक हवाच, हे कबूल. पण गाडी आजच हवी, हे कोणी ठरवले? वापरच थांबवण्याचा तिसरा मार्ग गॅरेजवाल्याच्या हिशेबात नव्हता, कारण तो त्याच्या धंद्याच्या हिशेबात बसत नाही. यात कपट असण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या वतीने विचार करणारा माणूस आपल्याला सोयीचे पर्याय तेवढे मोजतो.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना हा भाग चांगला कळलेला दिसतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचे नाव 'कंटकशोधन', आणि त्यातला पहिलाच विषय कारागिरांपासून प्रजेच्या रक्षणाचा. विणकर, धोबी, सोनार यांच्यासाठी तिथे बारीकसारीक नियम आणि दंड आहेत. देश, काल आणि काम आधी निश्चित करून मगच काम करावे, असा दंडक आहे. लक्षात राहतो तो त्याच प्रकरणातील वैद्य. प्राणावर बेतणारा रोग असताना तसे न कळवता उपचार सुरू केले आणि रोगी दगावला, तर वैद्याला दंड सांगितला आहे. उपचार चुकले तर शिक्षा निराळी आणि अधिक. इथे दोष न कळवण्याचा आहे. जीव धोक्यात आहे म्हणून कळवण्याची गरज संपते, असे कौटिल्याने मानले नाही. त्याच कारणासाठी कळवणे त्याने अधिक आवश्यक मानले. आपल्या गॅरेजवाल्याचा युक्तिवाद नेमका याच्या उलट दिशेने जातो.

इंग्रजी अमदानीत झालेला आणि आजही लागू असलेला १८७२ चा भारतीय करार कायदा या बाबतीत दोन्ही पक्षांना थोडे थोडे देतो. कलम ७० असे, की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. म्हणजे 'मी सांगितलेच नव्हते' एवढ्याने सुटका नाही. पण लाभ घेणाऱ्याला तो नाकारण्याची संधी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात स्पष्ट केले. बसवलेली डिस्क नाकारायची म्हणजे ती काढून जुनी पुन्हा लावायला सांगायची. तसे कोणी सांगत नाही, सांगूही नये. दुसरीकडे कलम १७० कारागिराला हक्क देते, की ज्या वस्तूवर त्याने ठरल्याप्रमाणे कष्ट किंवा कौशल्य खर्च केले, ती मोबदला मिळेपर्यंत त्याला अडवून ठेवता येते. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यामागे दीडशे वर्षांचा कायदा उभा आहे, याची गॅरेजवाल्याला कल्पना नसते, गरजही नसते. ग्राहक आयोग आहेतच, पण तीन हजारांसाठी तिथे जाणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

गिऱ्हाइकाच्या बाजूचे आतापर्यंत बरेच बोललो. एक गोष्ट मात्र त्याच्याही विरुद्ध जाते. 'माझी गाडी, माझा ब्रेक, माझा जीव' ही भूमिका तीनांपैकी दोनच ठिकाणी बरोबर आहे. ब्रेक हा अवयव गाडीच्या मालकाइतकाच रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचाही असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० ज्ञात दोष असलेले धोकादायक वाहन चालवणाऱ्याला, तसेच ते चालवू देणाऱ्यालाही दोषी धरते. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरील सर्व नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा आणि त्याखालच्या गाड्यांना किमान एकत्रित ब्रेक सक्तीचा झाला. तो हवा की नको, असे विकत घेणाऱ्याला कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच झाले. तेव्हा शिक्षकांनी फोनवर 'नुसते पॅड टाका, बाकी राहू द्या, मी हळू चालवीन' असे म्हटले असते, तर ते उत्तर देण्याचा त्यांना पुरता अधिकार होता, असे मी म्हणणार नाही. गाडी उभी ठेवण्याचा अधिकार त्यांचा. सदोष ब्रेकने ती रस्त्यावर आणण्याचा नव्हे. गॅरेजवाल्याला न विचारता काम करण्याचा हक्क नव्हता, आणि विचारल्यावर मिळालेले प्रत्येक उत्तर मान्य करण्याचे बंधनही नव्हते. 'असं असेल तर मी गाडी जोडून देणार नाही', असे म्हणण्याची वाट त्याला मोकळी होती. ती वाट धंद्याला महागात पडते, म्हणून क्वचितच चोखाळली जाते.

आणि इथे मला या साऱ्या तंट्याचे मूळ दिसते. फोन का झाला नाही? आळस, गर्दी, विसर ही कारणे असतीलच. पण सकाळचा तो 'पाचशे' आला कुठून, हे पाहावे. चाक फिरवून, आवाज ऐकून, अर्ध्या मिनिटात आणि फुकट दिलेला तो अंदाज होता. नीट सांगायचे तर कॅलिपर सोडवावा लागला असता, पॅड बाहेर काढावे लागले असते, पिस्टन सरकतो का ते पाहावे लागले असते. पाऊण तास गेला असता. त्या पाऊण तासाचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही. 'नुसतं बघायचे कसले पैसे?' हा प्रश्न आपण डॉक्टरला विचारत नाही. तो नाडी पाहून 'काही झालेलं नाही' म्हणाला, तरी त्याची फी ठेवून आनंदाने घरी येतो. मिस्त्रीने मात्र तासभर पाहून 'काही झालेलं नाही' म्हटले, तर त्याला चहाचे पैसेदेखील सुटत नाहीत. ज्याच्या पाहण्याला मोल नाही त्याला बदलण्यावरच जगावे लागते. मग त्याचे ज्ञान डिस्कच्या किमतीत, किटच्या किमतीत लपून बसते, आणि आपण त्या किमतीकडे संशयाने पाहू लागतो. डॉक्टरचे शिक्षण भिंतीवर चौकटीत लावलेले असते. मिस्त्रीने ते बाराव्या-तेराव्या वर्षापासून पाने पुसत, मार खात मिळवलेले असते आणि ते कुठेही टांगता येत नाही. हा भेद केवळ अर्थशास्त्राचा नाही. हाताने काम करणाऱ्याला डोके असते हे मान्य करायला आपल्या समाजाने नेहमीच खळखळ केली आहे.

कंपन्यांच्या मोठ्या सेवाकेंद्रांत हा प्रश्न सुटला आहे, असे सांगितले जाते. तिथे आधी लेखी अंदाज मिळतो, जादा काम निघाले तर फोन येतो, 'मंजूर' म्हटल्याखेरीज पाना फिरत नाही. ही सुधारणाच आहे. ती नाकारू नये. पण फोन करणारा असतो काउंटरवरचा तरुण, ज्याने कॅलिपर कधी हाती घेतलेला नसतो. तो यादी वाचतो, आपण होय म्हणतो, आणि पुढे तक्रार उद्भवली तर ते 'होय' त्याच्या संगणकात नोंदलेले असते. विचारले गेले खरे, समजावले गेले नाही. कोपऱ्यावरचा मिस्त्री न विचारता करतो, पण नंतर निदान चरे पडलेली डिस्क हातात ठेवून 'हे बघा' तरी म्हणतो. या दोहोंत अधिक आदर कोणत्या वागण्यात आहे, याचा निवाडा मला सोपा वाटत नाही.

शिक्षकांच्या जागी आता दुसरे गिऱ्हाईक उभे करून पाहा. घरोघर जेवणाचे डबे पोचवणारा विशीतला मुलगा, गाडी हप्त्यांवर घेतलेली, खरखर तीच. त्याला फोन केला, तर त्याचे उत्तर ठाऊक आहे, आणि ते वेगळे आहे : 'दादा, नुसते पॅड टाका.' गाडी उभी ठेवण्याचा मार्ग त्याला नाही, कारण गाडी उभी म्हणजे चूल बंद. काम पूर्ण करण्याचा मार्गही नाही, कारण ३,४२० रुपये नाहीत. त्याला विचारणे म्हणजे त्याला अशा उत्तराकडे ढकलणे, जे देण्याचा त्यालाही अधिकार नाही. संमतीविषयी वर जे काही मांडले ते या मुलापाशी येऊन लंगडे पडते, हे मान्य केले पाहिजे. ज्याला नाही म्हणता येत नाही आणि होयही म्हणता येत नाही, त्याच्यापुढे प्रश्न ठेवून विचारणारा मोकळा होऊ शकत नाही.

अशा वेळी काय होते, ते मी दोनतीन गॅरेजांत पाहिले आहे. मिस्त्री पोऱ्याला माळ्यावर चढवतो. मोडीत निघालेल्या एखाद्या गाडीची, बरी जाडी शिल्लक असलेली डिस्क खाली येते. पिस्टन पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवला जातो. सील मात्र नवे, त्यात काटकसर नाही. तेल बदलले जाते. हिशेब बाराशे-तेराशेवर येतो. त्यातले पाचशे मुलगा तिथेच देतो. बाकीच्यासाठी किल्ली अडवली जात नाही. कायद्याने दिलेला तो एकमेव ताबा मिस्त्री स्वतःहून सोडून देतो, आणि पारख न करता विश्वास ठेवण्याची पाळी आता त्याच्यावर येते. मुलगा कुठे राहतो, पुढच्या आठवड्यात या शहरात असेल की नाही, हे त्याला माहीत नसते. तेलकट हाताने तो ड्रॉवरमधली वही काढतो. तीत नाव, गाडीचा नंबर आणि रक्कम एवढेच लिहिले जाते. सही घेतली जात नाही. वरच्या काही ओळींवर काट मारलेली असते, काही तशाच राहिलेल्या असतात.